तारण एकदा लाभले म्हणजे कायमचे लाभले काय?

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. अशा प्रसंगी मंदिर केव्हा उभे राहिले, घंटा कोणी दिली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे श्रम केले, यांचा वृत्तांत देण्याचा परिपाठ असतो, आणि तो योग्यच होय. त्या वृत्तांताची जुळवाजुळव करिताना स्नानसंस्काराचे जुने नोंदपुस्तक कित्येक दिवस माझ्या मेजावर उघडे होते. प्रत्येक नावासमोर समासात थोडी मोकळी जागा राखलेली असते. पुढे त्या मुलाचा दृढीकरण संस्कार झाला, विवाह झाला, म्हणजे तेथे त्याची टीप करावयाची. काही नावांसमोरील समास गच्च भरलेले आहेत. काही मात्र अद्यापि कोरेच आहेत. त्यांतील काही जण पोटापाण्यासाठी सुरतेस वा पुण्यास गेले. काही देवाघरी गेले. परंतु काही असेही आहेत की, ते येथेच जवळपास राहतात, आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडून दिला आहे हे सर्वांस ठाऊक आहे.

एके दिवशी सायंकाळी एक वृद्ध माउली आपल्या परलोकवासी पतीच्या नावे मिस्सा मागावयास आली. तिची दृष्टी त्या पुस्तकावर गेली. तिच्या थोरल्या मुलाचे नाव त्यात होते. बरीच वर्षे झाली, त्याने मंदिराची पायरी चढलेली नाही. घरातला क्रूसही त्याने उतरविला आहे. तिने मला ते नाव मोठ्याने वाचावयास सांगितले, आणि मग विचारले, "नाव अजून आहे का, फादर? खोडलं नाही?" मी म्हणालो, "नाही, माय, ते नाव खोडत नसतात." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग तो तरेल का?"

त्याच आठवड्यात आपल्यातील एक सुशील तरुण मजकडे आला. जळगावी नोकरीच्या ठिकाणी त्याचे काही प्रॉटेस्टंट मित्र आहेत आणि त्यांच्या प्रार्थनासभेस तो अधूनमधून जातो. तो म्हणाला, "फादर, ज्याने एकदा मनापासून ख्रिस्तावर विश्वास ठेवला त्याचे तारण पुढे कधीच जात नाही, असे ते सांगतात. तसे असेल तर वारंवार पापनिवेदन करण्याचे कारण काय?"

वाचकांच्या ध्यानात येईल की, हे दोन प्रश्न दोन नव्हेत. एकाच प्रश्नाची ती दोन अंगे आहेत. एकास वाटते की तारण हातचे जाणे अशक्य. दुसरीस भीती वाटते की ते कायमचे गेले. दोघांस त्या वेळी मी थोडक्यात उत्तर दिले. परंतु हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे आजच आलेला नाही. तो तिच्यापुढे रक्ताच्या आणि अश्रूंच्या रूपाने पुनःपुन्हा येऊन उभा राहिला, आणि आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही एकदा आला. यास्तव त्याचे उत्तर इतिहासाच्या मुखानेच ऐकावे, हे बरे.

प्रथम शुभवर्तमानाकडे पाहू. प्रभूच्या अटकेच्या रात्री दोन शिष्य पडले. यहूदाने धन्यास विकले. पेत्राने कोंबडा आरवण्यापूर्वी तीन वेळा त्यास नाकारले. दोघेही प्रभूच्या पंगतीस बसलेले आणि त्याच्या हाताखाली वाढलेले. पेत्राचे पाप लहान होते असे कोणी म्हणणार नाही. भेद एवढाच की, यहूदा निराशेच्या अंधारात निघून गेला आणि पेत्र रडला व प्रभूकडे परतला. पुढे सरोवराच्या काठी प्रभूने त्यास तीनदा प्रीतीविषयी विचारून तीन नकारांची जणू भरपाई करून घेतली. प्रेषित पौलानेही आपल्या पत्रात स्वतःविषयी लिहिताना अशी धास्ती दर्शविली आहे की, इतरांस उपदेश करून आपण स्वतःच अपात्र ठरू नये. ज्यास तिसऱ्या स्वर्गापर्यंतचा अनुभव आला त्यास जर सावध राहणे अवश्य वाटले, तर तुम्हाआम्हांस तसे वाटू नये काय?

उलटपक्षी, आपल्या मेंढरांस कोणीही आपल्या हातून हिसकावून घेणार नाही, असे आश्वासन प्रभूने दिलेले आहे, आणि त्या तरुणाच्या मित्रांचा सारा भर त्यावरच आहे. ते आश्वासन अक्षरशः खरे आहे. परंतु हिसकावून घेणे निराळे आणि आपण होऊन हात सोडणे निराळे. आठवड्याच्या बाजारात बाप मुलाचा हात घट्ट धरून चालतो. गर्दीतला कोणीही त्यास ओढून नेऊ शकत नाही. तथापि बापाने तो हात दोराने बांधलेला नसतो. मूल हट्टाने हात झटकून पळू शकते. आणि पळाले तर बाप ते आपले मूलच नव्हते असे म्हणत घरी जात नाही. तो शोधावयास निघतो.

आता इतिहासाकडे वळू. इ. स. २५० च्या आरंभी रोमन बादशहा डेशियस याच्या फर्मानाची अंमलबजावणी सुरू झाली. साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांपुढे बली अथवा धूप अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला सरकारी पंचांकडून घ्यावा, असा हुकूम होता. असे काही दाखले ईजिप्तच्या वाळूत पपायरसावर लिहिलेले सापडले आहेत. रोमचे बिशप संत फाबियन यांनी २० जानेवारी २५० रोजी रक्तसाक्ष दिली. परंतु सारेच फाबियन नव्हते. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात ख्रिस्ती लोकांनी झुंडीच्या झुंडीने जाऊन धूप जाळला. काहींनी बली न देता पैसे चारून नुसताच दाखला मिळविला. वर्षभराने छळ ओसरला, आणि हीच माणसे डोळ्यांत पाणी आणून मंदिराच्या दाराशी उभी राहिली.

त्यांचे काय करावयाचे? नोवातियन नावाच्या रोमच्या एका विद्वान धर्मगुरूचे म्हणणे पडले की, ज्याने ख्रिस्तास नाकारले त्यास क्षमा करण्याचा अधिकार ख्रिस्तसभेस नाही; त्यास देवाच्या न्यायावर सोडून द्यावे. दुसऱ्या बाजूस काही उतावळे लोक म्हणत की, चौकशी, प्रायश्चित्त काहीएक नको. सर्वांस तत्काळ प्रसादाच्या पंगतीस बसवा. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी दोन्ही मते नाकारली. इ. स. २५१ च्या धर्मसभेत असे ठरले की, ज्यांनी केवळ दाखला घेतला त्यांचा एकेकाचा विचार करून प्रायश्चित्तानंतर त्यांस परत घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष बली दिला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे आणि मरणसमयी त्यांस समेट मिळावा. पुढे २५२ साली नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच, प्रायश्चित्त करीत असलेल्या साऱ्यांस आत घेण्यात आले. कारण शस्त्रावाचून शिपायास रणात कसे पाठवावे? पोप कॉर्नेलियस यांनीही हाच मार्ग धरला. नोवातियन आपला पंथ घेऊन वेगळा झाला. सिप्रियन यांनी १४ सप्टेंबर २५८ रोजी स्वतः मान कापून घेतली. ज्यांनी पतितांवर दया केली ते स्वतः डगमगणारे नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या एका प्रकरणात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले. जर कृपा गमावणे अशक्य असते तर त्या लोकांस रडण्याचे व प्रायश्चित्त करण्याचे कारण नव्हते. जर ती परत मिळणे अशक्य असते तर ख्रिस्तसभेने त्यांच्यासाठी दार उघडले नसते. त्यानंतर लवकरच दुसरा वाद उपस्थित झाला: पाखंडी पंथात बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य ख्रिस्तसभेत आला तर त्यास पुनः बाप्तिस्मा द्यावा काय? खुद्द सिप्रियन यांचे मत 'द्यावा' असे होते. परंतु रोमचे पोप पहिले स्तेफन यांनी 'देऊ नये' असे ठरविले, आणि पुढे संत ऑगस्टिन यांनी त्याचे कारण विशद केले. बाप्तिस्म्याने आत्म्यावर जो शिक्का उमटतो तो पुसला जात नाही. मनुष्य पळाला तरी शिक्का त्याच्यासवे जातो. म्हणून परत येणाऱ्यास पुनः स्नान नाही. त्यास समेट पुरेसा आहे.

सोळाव्या शतकात हा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. जिनीव्हाच्या जॉन कॅल्व्हिन याने असे प्रतिपादिले की, देवाने ज्यांस निवडले आहे त्यांस तो खरा विश्वास देतो आणि तो विश्वास समूळ नष्ट कधीच होत नाही. इ. स. १६१८–१९ मध्ये हॉलंडातील डॉर्ड्रेख्ट येथे त्याच्या अनुयायांची जी सभा भरली तिने हे मत निश्चित केले. त्यांचा हेतू देवाच्या कृपेची थोरवी राखण्याचा होता, हे आपण न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. परंतु सर्व प्रॉटेस्टंट बंधूंचे तसे मत नाही. ल्यूथरच्या अनुयायांनी विश्वास गमावता येतो हे मानले. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली यानेही कॅल्व्हिनच्या मतास विरोध केला. आणि त्या मतात एक अडचण आहे. कोणी धर्म सोडला तर ते म्हणतात, त्याचा विश्वास मुळातच खरा नव्हता. मग आज ज्यास आपला विश्वास खरा वाटतो त्याने तो तसाच खरा आहे हे कशावरून जाणावे? सोडून गेलेल्यासही एके काळी तसेच वाटत होते. जी खात्री देण्यासाठी हे मत काढले ती खात्री अशा रीतीने हातची निसटते.

त्रेंतच्या महासभेने १३ जानेवारी १५४७ रोजी आपल्या सहाव्या बैठकीत याचा निर्णय दिला. त्याचा सारांश असा. मनुष्य देवाच्या फुकट कृपेने नीतिमान ठरतो. ती कृपा त्याने कमावलेली नसते. परंतु प्राणघातक पापाने ती गमावता येते. अविश्वासाने तर विश्वासही जातो. इतर प्राणघातक पापाने कृपा जाते, तरी विश्वास शिल्लक राहू शकतो. गमावलेली कृपा प्रायश्चित्त संस्काराने पुनः मिळते. जुन्या धर्माचार्यांनी या संस्कारास फुटलेल्या गलबताच्या फळीची उपमा दिली आहे. आपल्या तापीकाठच्या भाषेत बोलावयाचे तर पुरात नाव उलटली असता हाती लागलेली ती सांगड होय. शेवटपर्यंत टिकून राहणे हे देवाचे मोठे दान आहे. विशेष प्रकटीकरणावाचून ते आपणांस खचित मिळणारच असे कोणी गर्वाने म्हणू नये, आणि देवाच्या साह्यावरची दृढ आशाही कोणी सोडू नये. प्राणघातक पाप सहजासहजी, नकळत घडत नाही, हेही आपण धर्मशिक्षणात शिकलो आहो: बाब गंभीर असावी, तिचे पूर्ण ज्ञान असावे आणि तिला मनापासून संमती असावी. अलीकडच्या काळात, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन मंडळ्यांनी या विषयावर एक संयुक्त घोषणा केली. मेथडिस्टांनी २००६ मध्ये आणि कॅल्व्हिनच्या परंपरेतील मंडळ्यांनी २०१७ मध्ये तीस अनुमोदन दिले. सारे भेद मिटले नाहीत. परंतु तारण हे देवाच्या कृपेचे दान आहे, हे आज एकत्र म्हणता येते. यास्तव आपल्या प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांशी बोलताना वादाची खुमखुमी नसावी.

हे सारे परदेशचे झाले असे कोणी म्हणेल. म्हणून आता घरचा इतिहास पाहू. पोर्तुगिजांस वसई इ. स. १५३४ मध्ये मिळाली. त्यानंतरच्या दोन शतकांत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय व इतर धर्मगुरूंनी वसई व साष्टी प्रांतांत मोठे धर्मकार्य केले. पुष्कळांनी मनःपूर्वक ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्याचबरोबर हेही खरे आहे की, त्या राजवटीत देवळे पाडली गेली, आणि काही जण भयाने वा सरकारी लाभाच्या आशेने बाप्तिस्म्यास आले. हे लपविण्यात धर्माची शोभा नाही. इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने घनघोर वेढ्यानंतर वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय संन्यासी धर्मगुरूही गेले. मठ ओस पडले. ज्या ख्रिस्ती रयतेस जावयास कोठे जागा नव्हती ती आपापल्या वाड्यांत राहिली.

आता तिची परीक्षा सुरू झाली. राजाश्रय गेला. ख्रिस्ती असण्यात आता कसलाही लाभ नव्हता. तोटा मात्र असू शकत होता. काही कुटुंबे शुद्धी करून पुनः हिंदू समाजात गेली. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, १८२०–२१ च्या सुमारास, पटकीची साथ आली तेव्हा ठाण्याकडील कित्येक ख्रिस्ती कोळी, मरणाच्या भयाने, आपल्या पूर्वजांच्या देवतांकडे परतले. त्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याच्या घरात दोन प्रेते पडली आहेत आणि समजूत घालावयास जवळ कोणी नाही, त्याच्या अंतःकरणाचा न्याय करण्यास आपण कोण? ज्यास धर्म नीट शिकविलाच गेला नाही, त्याच्या सोडून जाण्यात पूर्ण ज्ञान व पूर्ण संमती किती होती, हे एक देवच जाणे.

तथापि बहुसंख्य लोक राहिले. गोव्याहून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी, साधनांची चणचण असता, त्यांस सांभाळिले. इ. स. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला. मराठ्यांच्या अमलाखालील ठाण्यात ख्रिस्ती सण थाटाने साजरा होताना त्याने पाहिला. मिस्सा करणारे धर्मगुरू आणि जमलेला समुदाय सारे एतद्देशीय होते, आणि ख्रिस्ती लोक रस्त्यांतून निर्भयपणे जात होते. मराठी राज्यकर्त्यांच्या सहिष्णुतेचीही ही साक्ष होय. सांगावयाचे तात्पर्य हे की, ज्यांचा धर्म केवळ राजाच्या छत्राखाली वाढला असे समजले जात होते, त्यांनीच छत्र गेल्यावर तो टिकविला. पुढे २२ मे १९९८ रोजी त्याच वसईस स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

वसईने टिकून राहण्याचे एक दुसरेही उदाहरण जगास दिले आहे. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे पुत्र, सुमारे १५५७ साली तेथे जन्मलेले, एका एतद्देशीय मातेचे लेकरू. येशूसंघीयांबरोबर ते जपानास गेले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पुरी झाली नाही. ते व्यापारात पडले, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले, आणि दुभाषी म्हणून पुनः जपानास गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रूसावर चढविण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. आपल्या मातीतील मनुष्य शेवटपर्यंत टिकला, हा आपणांस केवढा धीर!

परंतु त्याच नागासाकीची दुसरी बाजूही आहे. इ. स. १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. लोकांस पवित्र प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. जो ठेवणार नाही तो ख्रिस्ती ठरे आणि मरे. इ. स. १६३३ मध्ये येशूसंघाचे तेथील प्रमुख क्रिस्तोव्हाव फेरेरा यांनी, खड्ड्यावर उलटे टांगले असता, कित्येक तासांच्या यातनांनंतर धर्म सोडला. थोर धर्मगुरू पडला. तर गरीब शेतकरी व कोळी यांची काय कथा? पुष्कळांनी प्रतिमेवर पाय ठेवला. पण घरी येऊन ते काय करीत? बंदीपूर्वी, १६०३ साली, पूर्ण पश्चात्तापाविषयी एक लहानसे पुस्तक तेथे तयार झाले होते. धर्मगुरू मिळत नसता, पापनिवेदनाची इच्छा मनी धरून, केवळ देवाच्या प्रीतीस्तव केलेला पूर्ण पश्चात्ताप कृपा परत आणितो, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यात होती. ती प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या नकलून आणि तोंडपाठ करून त्यांनी जपली. दरसाल पाय ठेवावयाचा आणि दरसाल घरी रडून क्षमा मागावयाची, असे दोनशे वर्षांहून अधिक काळ चालले. शेवटी १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या मंदिरात काही शेतकरी आले आणि आपल्या मनातील धर्म त्यांनी फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितला. जे बुडाले असे जगाने मानिले होते ते परत आले.

वाचकहो, या इतिहासातून त्या माउलीस आणि त्या तरुणास काय सांगावयाचे? आपण खानदेशातली माणसे शेतीच्या उपमेने लवकर समजतो. बापाची जमीन मुलाच्या नावे झाली, सातबाऱ्यावर नाव लागले, म्हणजे ती त्याची झाली. पण सातबारा पेरला तर कापूस उगवत नाही. जमीन नांगरली नाही, निंदली नाही, तर ती पडीक पडते. उतारा पेटीत जपून ठेवला तरी घर उपाशी राहते. त्या तरुणास माझे सांगणे हे: बाप्तिस्म्याच्या आणि विश्वासाच्या दिवसावर विसंबून पुढचे सारे हंगाम वाया घालवू नकोस. पापनिवेदन हा देवावरचा अविश्वास नव्हे. ती निंदणी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६४ साली हेच बजाविले की, जो ख्रिस्तसभेत देहाने राहतो पण प्रीतीत टिकत नाही, त्याचे तारण केवळ सभासद असल्याने होत नाही.

आणि त्या माउलीस हे सांगणे: जमीन कितीही वर्षे पडीक असो, काटेरी झुडपांनी भरलेली असो, सातबाऱ्यावरचे नाव गेलेले नाही. ज्या दिवशी धनी नांगर घेऊन बांधावर उभा राहील त्या दिवशी त्यास कोणी परका म्हणणार नाही. तुझा मुलगा तरेलच असे मी म्हणू शकत नाही. तसे म्हणणे म्हणजे देवाच्या न्यायासनावर बसणे होय. पण तो बुडालाच असेही कोणी म्हणू शकत नाही. ख्रिस्तसभेने हजारो जणांस संत म्हणून घोषित केले आहे. परंतु अमुक मनुष्य नरकात गेला असे नाव घेऊन तिने आजवर एकदाही जाहीर केलेले नाही. मग ते आपल्या चावडीवर आपण कसे ठरवावे? शेवटच्या घटकेस आत्मा आणि देव यांच्यामध्ये काय घडते हे आईसही दिसत नाही. संत मोनिकेने आपल्या मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळिले; तो मुलगा म्हणजे ज्यांचा वर उल्लेख आला ते संत ऑगस्टिन.

परंतु येथे एक बोट आपल्याकडेही वळते. गोव्याच्या बाणावली गावी १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ यांनी ऐकिले की, सिंहलद्वीपात डचांच्या जाचामुळे कॅथलिक लोक धर्मगुरूंवाचून राहिले आहेत आणि पुष्कळ जण भयाने बाह्यतः डचांच्या पंथात गेले आहेत. ते लोक परत येतील अशी वाट पाहत ते गोव्यात बसले नाहीत. १६८७ साली गरीब मजुराच्या वेषात ते तेथे उतरले, गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले, आणि ती माळ पाहून कोणाचा डोळा ओला होतो ते पाहून त्यांनी आपली मेंढरे ओळखिली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे ते देवाघरी गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संत घोषित केले.

आपल्या खानदेशातही धर्मगुरूंवाचूनचे दिवस आलेले आहेत. रेल्वेबरोबर भुसावळास कॅथलिक कुटुंबे आली. हा मुलूख तेव्हा पुणे धर्मप्रांतात मोडत असे, आणि १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाल्यावर तो त्यात आला. पहिल्या महायुद्धात पुणे धर्मप्रांतातील जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंस सरकारने नजरकैदेत टाकिले व १९१६ साली मायदेशी धाडिले. 'निरोप्या' मासिकाचे संस्थापक बिशप हेन्री डोरिंग हेही त्या काळात युरोपातच अडकून पडले, पुढे जपानातील हिरोशिमा येथे धर्माध्यक्ष म्हणून गेले, आणि १९२७ साली पुन्हा पुण्यास परतले. मेंढपाळ गेला असता कळप कसा विखुरतो हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. आज मात्र तसा कसला जाच नाही. आज जे जातात ते बहुधा तलवारीच्या भयाने जात नाहीत. कोणी एखाद्या कठोर शब्दाने जातो, कोणी विवाहाच्या अडचणीने, कोणी दुखण्यात आपल्यापैकी कोणी विचारपूस केली नाही म्हणून, आणि कोणी नुसताच सवयीने दूर दूर होत जातो. त्यांच्या जाण्यात आपला काही वाटा आहे काय, हे प्रत्येकाने, आणि धर्मगुरूने सर्वांआधी, आपल्या अंतःकरणास विचारावे. त्या माउलीच्या मुलाच्या घरी मी या धर्मग्रामात आल्यापासून एकदाही गेलो नव्हतो, हे मला त्या सायंकाळी लज्जेने आठवले.

जुबिलीचा मूळ अर्थ काय? मोशेच्या धर्मशास्त्रात पन्नासावे वर्ष पवित्र मानिले होते. त्या वर्षी रणशिंग फुंकीत. ज्याने अडचणीत आपली जमीन विकली असेल त्यास ती परत मिळे, आणि प्रत्येक जण आपल्या वतनावर व आपल्या कुळात परत जाई. म्हणजे जुबिली हा मुळी घरी परतण्याचा सण आहे. तेव्हा आपण मंदिरास रंग दिला, मांडव घातला, जेवणावळ घातली, आणि ज्यांचे समास कोरे आहेत त्यांच्या दाराशी गेलो नाही, तर आपली जुबिली अर्धीच झाली.

यास्तव या वर्षी प्रत्येक कुटुंबाने अशा एका घरी जावे. वाद घालावयास नव्हे, धाक घालावयास तर मुळीच नव्हे. सणाचे आमंत्रण घेऊन जावे, चहा घ्यावा, खुशाली विचारावी, आणि घरी येऊन त्यांच्यासाठी एक माळ म्हणावी. आपणही प्रतिदिनी पवित्र मातेपाशी आपल्या मरणसमयीची विनंती करितो, ती अर्थ ध्यानी धरून करावी. कारण टिकून राहणे हे आपल्या बळाचे काम नाही.

त्या माउलीच्या मुलाच्या घरी मी गेलो. त्याने मला बसावयास खुर्ची दिली. धर्माविषयी आमचे काही बोलणे झाले नाही. पिकाविषयी व त्याच्या मुलीच्या परीक्षेविषयी झाले. निघताना त्याने विचारले, "आई म्हणत होती, माझं नाव अजून पुस्तकात आहे. खरं का?" मी म्हणालो, "खरं आहे. येऊन पाहून जा." तो अद्यापि आलेला नाही. त्याच्या नावासमोरील समास कोराच आहे, आणि ती जागा मी मोकळी ठेविली आहे.